एकावर एक ठोकळे, मधे घर्षण आणि उत्तर काही केल्या जुळत नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमध्ये घर्षण शिकवून झालं की पुढचे पंधरवडाभर एकाच गणिताच्या वह्या टेबलावर येत राहतात. खाली एक ठोकळा, त्यावर दुसरा, मधे घर्षण, आणि दोघांपैकी एकाला बाहेरून ओढलंय. पोरगं कागलचं असो की पन्हाळ्याचं, स्टेट बोर्डाचं असो की सीबीएसईचं, चुका ठरलेल्या. त्या कुठं शोधायच्या याचा क्रमही आता ठरून गेलाय, तो इथं लिहून ठेवतो.

सगळीकडे एकच उदाहरण धरू, म्हणजे आकडे पडताळता येतील. खालचा ठोकळा ३ किलोचा, वरचा २ किलोचा. म्यू म्हणजे घर्षणांक: दोघांमधला स्थितिक म्यू (घसरण सुरू होईपर्यंतचा) ०.४, गतिक म्यू (घसरत असतानाचा) ०.३. जमीन तूर्त गुळगुळीत. गुरुत्व त्वरण १०.

लक्षणं

वहीत यातलं काय दिसतंय ते बघा.

- उत्तरसूचीत घर्षण ६ न्यूटन, तुमचं ८. असा फरक पडतो तेव्हा तुमचाच आकडा मोठा असतो.
- ओढलंय खालच्याला, पण त्वरण वरच्याचं जास्त आलंय.
- उजवीकडे ओढलेला ठोकळा डावीकडे निघालाय. हे लक्षण दिसलं तर खूश व्हा, कारण निदान चूक लपलेली तरी नाही.
- बल वरच्याला लावा नाहीतर खालच्याला, ‘जास्तीत जास्त किती’ याचं उत्तर दोन्हीकडे सारखंच.
- जमीन गुळगुळीत असेपर्यंत सगळं बरोबर, जमिनीला म्यू दिला की गाडी घसरली.
- वर लिहिलंय ‘दोन्ही एकत्र जातात’ आणि चार ओळींनी खाली दोघांची त्वरणं वेगळी.

आता तपासणी. सोपं आणि फुकटातलं आधी, डोकं खाणारं शेवटी. क्रम मोडू नका. पहिल्या दोन पायऱ्यांवर सुटणाऱ्या गणितासाठी पोरं अख्खं पान समीकरणं मांडून बसतात.

प्रश्न पुन्हा वाचा, पेन खाली ठेवून

बल कुठल्या ठोकळ्यावर आहे? कुठला पृष्ठभाग गुळगुळीत म्हटलाय? म्यू एक दिलाय की दोन? एकच दिला असेल तर स्थितिक आणि गतिक सारखेच धरायचे. गुरुत्व त्वरण १० की ९.८? आपल्या उदाहरणात खालच्याला ओढायचं कमाल बल एकाने २० येतं, दुसऱ्याने १९.६, आणि पेपर काढणारे हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवतात.

ठोकळ्याची लांबी-रुंदी दिली असेल तर बिचकू नका. स्पर्शाचं क्षेत्रफळ घर्षणाच्या सूत्रात येत नाही, हे गिओम आमोंतों या फ्रेंच माणसाने १६९९ सालीच मांडून ठेवलंय. मापं उपयोगी पडतात ती ठोकळा कलंडतो का हे विचारलं तर. तो वेगळा आजार आहे, त्याबद्दल शेवटी.

नॉर्मल

अर्ध्या मिनिटाचं काम. प्रत्येक पृष्ठभागाशेजारी त्याचा नॉर्मल, म्हणजे तो पृष्ठभाग काटकोनात देतो तो रेटा, लिहा. दोन ठोकळ्यांमधे २० न्यूटन, कारण त्या पृष्ठभागावर फक्त वरच्याचं वजन बसलंय. जमिनीवर ५०, कारण तिथं दोघंही बसलेत. जमिनीसाठी ३० लिहिलेलं मी सारखं बघतो. ‘सर, खालचा ३ किलोचाच आहे की!’ आहे, पण त्याच्या डोक्यावर २ किलो आहेत ते कुणी उचलून धरलेत?

नियम सोपा: पृष्ठभागाच्या वर जे जे काही आहे, त्या सगळ्याचं वजन. हे चालतं ते बल आडवं असेपर्यंत. दोरी तिरकी असली की नॉर्मल बदलतो. समजा वरच्या ठोकळ्याला १२ न्यूटनने ३० अंशात वर ओढलं. साइन ३० म्हणजे अर्धा, म्हणजे ६ न्यूटन उचलण्यात गेले. मधला नॉर्मल २० चा १४ होतो, आणि जमिनीवरचाही ५० चा ४४. दुसरा बदल हमखास विसरला जातो. खालच्या ठोकळ्याला दोरीने हातही लावला नाही, तरी त्याच्या तळाचा नॉर्मल बदलतोच.

दिशा: मधे तेल ओतून बघा

नववीत कधीतरी ‘घर्षण गतीच्या विरुद्ध असतं’ असं पाठ केलेलं असतं आणि ते हाडात मुरलेलं असतं. दोन ठोकळ्यांच्या गणितात हे वाक्य घात करतं. घर्षण विरोध करतं ते एकमेकांवरून घसरण्याला.

वर्गात मी हे एका जाड पुस्तकावर आणि कंपासपेटीवर दाखवतो. पुस्तक बाकावर, पेटी पुस्तकावर. पुस्तक हळू ओढायचं. पेटी पुस्तकासोबत निमूट येते. आता सांगा, पेटीला पुढे कुणी आणलं? तिला दोरी नाही, कुणाचं बोट लागलेलं नाही. आडव्या दिशेने तिला स्पर्श फक्त पुस्तकाचा, तोही खालून. म्हणजे पेटीवरचं घर्षण पुढच्या दिशेने आहे, ती चाललीय त्याच दिशेने. मग पुस्तकाला एकदम हिसका द्या. पुस्तक निघून जातं, पेटी मागे राहिल्यासारखी दिसते. बाकावर खडूची रेघ मारून ठेवली तर कळतं, की पेटीही थोडी पुढेच सरकलीय, मागे गेलेली नाही. ती रेघ बघितलेलं पोरगं सहसा पुन्हा दिशा चुकत नाही.

कागदावर हेच करायचं तर मनात दोन्ही ठोकळ्यांच्या मधे तेल ओता. घर्षण शून्य झालं. आता बल लावलं की काय होईल? खालचा पुढे पळेल, वरचा जागेवर राहील. म्हणजे खालच्याच्या हिशोबाने वरचा मागे घसरेल. म्हणून वरच्यावरचं घर्षण पुढे, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने खालच्यावर तेवढंच, पण मागे. दोन्ही एफबीडीत (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकेका ठोकळ्यावरच्या बलांची सुटी आकृती) हा बाण आहे ना, आणि उलटसुलट दिशेने आहे ना, एवढं बघा. एकाच आकृतीत बाण काढून दुसरीत विसरणं हा या गणिताचा सर्दी-पडसं म्हणावा इतका साधा रोग.

म्यू गुणिले नॉर्मल कुठं वापरलात?

इथंच घोडं पेंड खातं. आधीचं सगळं बरोबर असून उत्तर चुकलं असेल, तर पैजेवर सांगतो, चूक या ओळीत आहे.

०.४ गुणिले २० म्हणजे ८ न्यूटन. हा आकडा आला की पोरं त्याला लगेच घर्षण म्हणून समीकरणात घालतात. पण ८ ही मधल्या घर्षणाची कमाल ताकद आहे. खिशात पाचशेची नोट आहे म्हणून चहाचे कुणी पाचशे देत नाही, लागतील तेवढेच देतो. स्थितिक घर्षणही घसरण थांबवायला जेवढं लागेल तेवढंच येतं.

खालच्याला १५ न्यूटनने ओढा आणि घर्षण ८ धरून बघा काय होतं. वरच्याचं त्वरण ८ भागिले २, म्हणजे ४. खालच्याचं १५ वजा ८ भागिले ३, म्हणजे २.३३. ज्याला ओढलं तो मागे आणि त्याच्या पाठीवर बसलेला पुढे! बल आणखी कमी करा, ५ न्यूटन. आता खालच्यावर ५ वजा ८, म्हणजे उणे ३, त्वरण उणे १. उजवीकडे ओढला, डावीकडे निघाला. लक्षणांच्या यादीतली दुसरी आणि तिसरी ओळ इथून येते.

योग्य रीत अशी. आधी गृहीत धरा, की दोन्ही एकत्र जातात. एकूण ५ किलो, बल १५, त्वरण ३. मग विचारा: वरच्याला ३ चं त्वरण द्यायला किती बल लागेल? २ गुणिले ३, म्हणजे ६ न्यूटन. ते देणारं घर्षणाशिवाय कुणी नाही. घर्षणाची ऐपत ८, मागणी ६. भागलं. गृहीत बरोबर, आणि घर्षण ६.

आता बल ३० करा. एकत्र गेले तर त्वरण ६, मागणी १२, ऐपत ८. भागत नाही, म्हणून घसरणार. घसरायला लागलं की स्थितिक म्यूचं काम संपलं. आता गतिक: ०.३ गुणिले २०, म्हणजे ६ न्यूटन. वरचा ३ च्या त्वरणाने, खालचा ३० वजा ६ भागिले ३, म्हणजे ८ च्या त्वरणाने. इथं ८ न्यूटन तसेच ठेवणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर.

मधली सीमा कुठं? मागणी ८ झाली, म्हणजे त्वरण ४ झालं, म्हणजे बल २०. एक गंमत इथं बघण्यासारखी आहे. २० ला वरचा ठोकळा ४ च्या त्वरणाने जातो. बल जराही वाढलं, की तो घसरायला लागतो आणि त्याचं त्वरण घटून ३ होतं. जास्त ओढलं म्हणून तो कमी पळतो. पोरांना हे पटत नाही, आणि मला हा प्रश्न पेपरात घालायला फार आवडतो.

एक गोष्ट राहिली. २०१९ साली आलेल्या स्टेट बोर्डाच्या अकरावीच्या पुस्तकात घर्षण गतीच्या नियमांच्या धड्यात नाही, ते घन पदार्थांच्या यांत्रिक गुणधर्मांच्या धड्यात आहे. एफबीडी एका धड्यात शिकायची, म्यू दुसऱ्या धड्यात. दोन्ही एकत्र लागतात तेव्हा पोरं म्यूचं सूत्र तेवढं आठवतात, हा माझा अंदाज.

बल वरच्यावर असेल तर पाठ केलेलं सूत्र सोडा

कमाल बल म्हणजे म्यू गुणिले एकूण वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण, हे सूत्र सगळीकडच्या नोट्समध्ये असतं. ते खरं आहे, पण जमीन गुळगुळीत आणि बल खालच्यावर असेल तेव्हाच. बल वरच्यावर लावलं तर घर्षणाच्या जोरावर जाणारा खालचा आहे, ३ किलोचा. त्याला ८ न्यूटनपेक्षा जास्त मिळणं शक्य नाही, म्हणून त्याचं त्वरण फार तर ८ भागिले ३. दोघं मिळून ५ किलो, म्हणून कमाल बल ४० भागिले ३, साधारण १३.३ न्यूटन. तिकडे २०, इकडे १३.३. दोन्हीकडे सारखं उत्तर आलं असेल तर तुम्ही विचार केलेला नाही, सूत्र चिकटवलंय.

जमीन खडबडीत: आधी विचारा, खालचा हलतो तरी का?

जमिनीचा म्यू ०.२ धरू, स्थितिक-गतिक सारखाच. जमिनीची ऐपत ०.२ गुणिले ५०, म्हणजे १० न्यूटन. बल वरच्यावर आहे. खालच्याला पुढे ढकलणारं फक्त मधलं घर्षण, त्याची ऐपत ८. आठाने दहाला काय हलवणार? वरच्याला कितीही जोराने ओढा, खालचा जागचा हलणार नाही. ही एक ओळ आधी लिहिली तर अर्धं पान वाचतं. वरच्याला १२ न्यूटन लावलं तर तो घसरतो, मधलं गतिक घर्षण ६, त्याचं त्वरण ३. आणि जमिनीचं घर्षण किती? १० लिहिलंत तर मागची अख्खी पायरी वाया. खालच्यावर वरून ६ येतात, म्हणून जमीनही ६ च देते.

आता जमिनीचा म्यू ०.१ करा. ऐपत ५, खालचा हलू शकतो. वरच्यावर ९ न्यूटन: एकत्र गेले तर ९ वजा ५ भागिले ५, त्वरण ०.८. मधली मागणी ५ अधिक ३ गुणिले ०.८, म्हणजे ७.४. आठाच्या आत, एकत्र जातात. तेच १२ न्यूटन केलं तर त्वरण १.४, मागणी ९.२, भागत नाही. मग वरचा ३ ने आणि खालचा ६ वजा ५ भागिले ३, म्हणजे ०.३३ ने. मागणी काढताना जमिनीचे ५ मिळवायला विसरलात तर ९.२ ऐवजी ४.२ येईल, आणि घसरणारे ठोकळे कागदावर गुण्यागोविंदाने एकत्र जातील.

दोरी, भिंत, तिसरा ठोकळा

वरचा ठोकळा आडव्या दोरीने भिंतीला बांधलेला असेल तर तो हलत नाही, एवढंच नवीन. खालच्याला दोन्ही बाजूंनी घर्षण मागे खेचतं. जमिनीचा म्यू ०.१ असेल तर हलवायला ८ अधिक ५, म्हणजे १३ न्यूटन. दोरी तिरकी असेल तर नॉर्मलच्या पायरीवर परत जा.

तीन ठोकळ्यांत खरी मेख आहे. खालून वर ३, २ आणि १ किलो, जमीन गुळगुळीत. खालच्या जोडीतला म्यू ०.२, वरच्या जोडीतला ०.३, स्थितिक-गतिक सारखेच. सगळ्यात खालच्याला २४ न्यूटन. सगळे एकत्र गेले तर त्वरण ४. वरच्या जोडीची मागणी ४, ऐपत ३. खालच्या जोडीची मागणी १२, ऐपत ६. दोन्हीकडे भागत नाही, म्हणून पोरं दोन्हीकडे घसरवून मोकळी होतात. चूक. जिथं मागणी ऐपतीच्या जास्त पट आहे तिथं आधी घसरू द्या. इथं खालची जोडी, दुप्पट. ती घसरली की वरच्या दोघांना मिळून ६ न्यूटन, त्वरण २. आता वरच्या जोडीची मागणी फक्त २ झाली, ऐपत ३ आहेच. ते दोघे एकत्रच राहतात, आणि सगळ्यात खालचा २४ वजा ६ भागिले ३, म्हणजे ६ ने पुढे जातो. शेवटी प्रत्येक पृष्ठभाग पुन्हा एकदा तपासा: जिथं घसरत नाही म्हटलंय तिथं मागणी ऐपतीच्या आत हवी, आणि जिथं घसरतंय म्हटलंय तिथं घर्षणाची दिशा घसरण्याच्या उलट हवी.

इथं थांबा, सरांना गाठा

वरच्या सगळ्या पायऱ्या करून, दोन्ही एफबीडी स्वच्छ काढून वीसेक मिनिटांत सुटलं नाही तर थांबा. परीक्षेत तर तीन मिनिटांच्या वर नाहीच. जेईई मेनमध्ये चुकलेल्या पर्यायाला एक गुण वजा होतो, तेव्हा अंदाजाने पर्याय निवडण्यापेक्षा पुढे जा.

तुमचं उत्तर पडताळणीला उतरतंय आणि उत्तरसूचीशी जुळत नाहीये, तर सूची चुकीची असू शकते. झेरॉक्स नोट्समध्ये हे होतं. पण तो निवाडा एकट्याने करू नका, मित्राच्या उत्तराशी जुळवून तर नाहीच. वही घेऊन सरांकडे किंवा मॅडमकडे जा. नुसतं ‘सर, येत नाही’ म्हणू नका. दोन एफबीडी, प्रत्येक पृष्ठभागाचा नॉर्मल, आणि मागणी-ऐपत लिहिलेला कागद समोर ठेवा. शिकवणाऱ्याला दुखणं एका नजरेत सापडतं. ठोकळा कलंडणं, वरती ठोकळ्याऐवजी घरंगळणारं नळकांडं, स्प्रिंग, किंवा वेळेनुसार बदलणारं बल गणितात आलं असेल तर ही यादी पुरत नाही. तिथं पहिल्या दहा मिनिटांतच विचारा.

दुसरं थांबणं जास्त महत्त्वाचं आहे. मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांची (ढेपांची) थप्पी लागते, टेम्पोत भरली जाते. घरचा गुऱ्हाळाचा धंदा असलेलं एखादं पोरगं दरवर्षी विचारतंच, ‘सर, मग ब्रेक किती जोरात मारला की रवा सरकंल?’ प्रश्न झकास आहे. समजा म्यू ०.४. वरचा रवा टिकायचा तर टेम्पोचं मंदन ४ च्या आत हवं. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणजे थांबायला किमान १२.५ मीटर पाहिजेत. आणि रवा १० किलोचा की ३० चा याने काही फरक पडत नाही, वस्तुमान दोन्हीकडून कटतं. वर्गात एवढं बास.

पण हे उत्तर खऱ्या टेम्पोवर लावायचं नाही. ०.४ हा आकडा मी फळ्यावर लिहिलेला आहे, रव्यावर मोजलेला नाही. रव्याभोवतीचं कापड किंवा पोतं, पावसाळी ओल, उन्हात सुटलेला गूळ, खड्ड्यांचे दणके यांनी म्यू आणि नॉर्मल दोन्ही बदलतात, आणि दणक्यात रवा क्षणभर उचलला गेला तर तेवढा वेळ घर्षण शून्य. शिरोलीच्या फाउंड्रीत पॅलेटवर रचलेल्या कास्टिंगचंही तेच. माल किती उंच रचायचा आणि कसा आवळायचा हे गाडी भरणाऱ्या अनुभवी माणसांनी आणि कारखान्यातल्या सेफ्टीवाल्यांनी ठरवायचं. थप्पी एका बाजूला सरकलेली दिसली तर पुढच्या तावडे हॉटेल चौकापर्यंत जाऊन बघू म्हणू नका. गाडी तिथंच बाजूला घ्या, मागे उभं राहून हाताने रेटू नका, आणि दोर सोडून नव्याने बांधणाऱ्याला फोन लावा.